साहतूकाठची शाळा: एका उत्तरेकडच्या सरोवराची आणि रानातल्या शिक्षणाची पार्श्वभूमी

कॅनडाच्या वायव्य प्रदेशात आर्क्टिक वृत्त एका अवाढव्य सरोवरावरून जातं. इंग्रजी नकाशांत त्याचं नाव ग्रेट बेअर लेक. काठावर राहणारे देने हे आदिवासी लोक त्याला साहतू म्हणतात आणि स्वतःला साहतुगोतिने, म्हणजे साहतूची माणसं. क्षेत्रफळ सुमारे 31,000 चौरस किलोमीटर. त्यात गोव्याएवढी आठ राज्यं सहज मावतील. पूर्णपणे कॅनडाच्या हद्दीत असलेलं हे सर्वांत मोठं सरोवर. काही ठिकाणी खोली चारशे मीटरहून जास्त. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जवळपास जुलैपर्यंत पाण्यावर बर्फ असतो. एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर गाव मात्र एकच, देलिने, पाच-सहाशे वस्तीचं. सरोवरातून ग्रेट बेअर नदी जिथे बाहेर पडते त्याच्या जवळ ते वसलंय, आणि नावाचा अर्थही 'जिथे पाणी वाहतं' असाच आहे. हिवाळ्यात काही आठवडे बर्फावरून रस्ता तयार होतो. एरवी जायचं तर विमानाने.

शिक्षणावर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांच्या तोंडी गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक शब्द फार येतो, भूमीशी जोडलेलं शिक्षण. चार भिंतींबाहेर, जाणत्यांच्या सोबत, हाताने काम करत शिकणं. बहुतेक वेळा तो एक ताजा, कल्पक प्रयोग म्हणून मांडला जातो. साहतूचा इतिहास वाचत गेलं की हे चित्र उलटं होतं. इथे रानातली शाळा सर्वांत जुनी. ती मोडली गेली, आणि मोडायला शंभर वर्षंही लागली नाहीत. ती परत उभी राहिली तीही शिक्षणखात्याच्या एखाद्या परिपत्रकामुळे नव्हे. त्यासाठी आधी न्यायालयं, चौकशी आयोग आणि जमिनीचे करार यांतून जावं लागलं. पायाखालच्या जमिनीवर ज्यांचा शब्द चालत नाही त्यांना त्या जमिनीवर शाळाही भरवता येत नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा कणा हाच आहे.

शब्दाबद्दल आधी थोडं. उत्तरेकडची माणसं इंग्रजीत 'ऑन द लँड' गेलो असं म्हणतात. त्या 'लँड'मध्ये माती आली, सरोवर आलं, बर्फ, प्राणी, वाटा आणि पूर्वजांच्या राहुट्यांच्या जागाही आल्या. मराठीत 'जमीन' म्हटलं की सातबारा डोळ्यांपुढे येतो. त्यापेक्षा आपला 'रान' हा शब्द जवळचा. शेतकरी बाई 'तो रानात गेलाय' म्हणते तेव्हा त्यात जागाही असते आणि कामही असतं. म्हणून पुढे मी रान हाच शब्द वापरला आहे.

ती जुनी शाळा कशी होती? तिचं वेळापत्रक ऋतूंचं होतं. कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतलं रानटी रेनडिअर. त्याचे कळप हिवाळ्यात झाडीच्या कडेला उतरत, तेव्हा माणसंही तिकडे जात. वसंतात पाणपक्षी, उन्हाळ्यात आणि शरदात मासे, मधल्या दिवसांत बोरासारखी रानफळं. जाळी एकेकाळी विलो झाडाच्या सालीच्या तंतूंची विणत. मूस या मोठ्या हरणाचं कातडं कमावायचं तर ते खरवडायचं, त्याच प्राण्याचा मेंदू चोळून मऊ करायचं, पिळायचं, ताणायचं आणि शेवटी कुजक्या लाकडाच्या धुरावर धरायचं. हे कित्येक दिवसांचं काम आणि बहुतांशी बायकांच्या हातचं. मुली शेजारी बसून बघत, मग एक कोपरा त्यांच्या हाती येई. समजावून सांगण्यापेक्षा बघणं आणि करून बघणं यावर भर असे. सतत प्रश्न विचारणाऱ्या मुलापेक्षा नीट पाहणारं मूल हुशार समजलं जाई.

कौशल्याच्या बरोबरीने रीतही शिकवली जाई. पाण्यावर निघण्याआधी पाण्याला काहीतरी द्यायचं, विस्तवाला घास द्यायचा. मिळालेली शिकार वाटायची. कॅरिबूला काठीने मारायचं नाही, त्याच्याबद्दल बढाई मारायची नाही, मांस वाया घालवायचं नाही. अपमान झाला तर ते येणं बंद करतात. बाहेरच्यांनी याला श्रद्धा म्हणून बाजूला ठेवलं. देने लोक त्याला कायदा म्हणतात. हा भेद किती महत्त्वाचा ठरला ते पुढे येईलच.

आणि गोष्टी. साहतूच्या गोष्टी जागेला बांधलेल्या असतात. सरोवरात पश्चिमेकडून दोन मोठे भूशीर घुसलेले आहेत, साओयू आणि एहदाचो. तिथल्या टेकड्या, खडक, खाड्या यांतल्या एकेका ठिकाणाला एकेक कथा आहे. होडीतून जाताना ते ठिकाण दिसलं की म्हाताऱ्या माणसांनी ती सांगायची. वाट लक्षात राहते ती गोष्टीमुळे आणि गोष्ट लक्षात राहते ती वाटेमुळे. नकाशा, इतिहास आणि नीतिपाठ असं सगळं एकाच वहीत, आणि ती वही म्हणजे तो किनारा. मुलाला त्या किनाऱ्यापासून दूर नेलं की काय होईल, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

या सर्वांच्या मध्यभागी एक कथा आहे. कये दाओये नावाचा एक जाणता पुरुष सरोवराभोवती राहत असे. एकदा त्याने मासे धरायला चार गळ लावले आणि त्यातला एक गायब झाला. त्या काळी गळ दुर्मीळ आणि मोलाचे. तो अस्वस्थ झाला. त्या रात्री स्वप्नात तो गळ नेणाऱ्या माशाबरोबर पाण्याखाली फिरला, सरोवराच्या मधोमध पोचला, आणि तिथे त्याला पाण्याचं हृदय जाणवलं, तुद्झे. जमीन, आभाळ, झाडं, प्राणी, माणसं असं सगळं त्या हृदयाशी जोडलेलं आहे, साऱ्या पाणलोटाला तेच जगवतं, हे त्याला उमगलं. हरवलेल्या गळापासून सुरू होऊन सगळ्या सृष्टीपर्यंत जाणारी ही कथा मला फार आवडते. तिची सुरुवात एका साध्या, घरगुती हानीपासून होते. आणि पुढे तिनेच एका सरकारी दस्तऐवजाला नाव दिलं.

देलिनेच्या माणसांना जवळचा असलेला आणखी एक गुरू म्हणजे एहत्सेओ अयाह. 'एहत्सेओ' म्हणजे आजोबा. 1857 ते 1940 असा त्यांचा काळ. लोक त्यांना द्रष्टा मानतात. इतर ठिकाणचं पाणी आणि अन्न संपेल तेव्हा माणसं या सरोवराकडे येतील, म्हणून त्याची राखण करा, अशा आशयाचं त्यांचं सांगणं आजही गावात सांगितलं जातं. अयाहांच्या आयुष्याच्या शेवटच्या वीस वर्षांतच बाहेरचं जग साहतूच्या दारात येऊन उभं राहिलं होतं.

फर व्यापारी त्याआधीच आले होते. सरोवराकाठी पहिलं व्यापारी ठाणं 1799 चं. ब्रिटिश नौदलाचा जॉन फ्रँकलिन 1825 ते 1827 च्या मोहिमेत इथे मुक्कामाला राहिला आणि त्याच्या नावावरून गावाला फोर्ट फ्रँकलिन हे नाव चिकटलं, ते पुढे 1993 पर्यंत. पण व्यापाऱ्यांना फर हवी होती आणि फर आणायला रानातलाच माणूस लागतो. त्यामुळे त्या शंभर वर्षांत जुनी शाळा वाकली, तिच्यात धातूची भांडी, बंदुका, चहा, मिशनऱ्यांची प्रार्थना हे सगळं आलं, पण ती मोडली नाही.

1920 साली मॅकेन्झी नदीकाठी, आजच्या नॉर्मन वेल्सजवळ, तेल लागलं. पुढच्याच उन्हाळ्यात, 1921 मध्ये, सरकारचे आयुक्त करार क्रमांक 11 घेऊन नदीने खाली आले. कागदावर सुमारे 3,72,000 चौरस मैल भूभाग देने लोकांनी सरकारच्या स्वाधीन केल्याचं लिहिलं होतं. बदल्यात माणशी वर्षाला पाच डॉलर आणि इतर काही गोष्टी. देने जाणत्यांनी मात्र पिढ्यान्पिढ्या एकच सांगितलं. तो मैत्रीचा आणि शांततेचा करार होता, जमीन देण्याचं बोलणंच झालं नाही. या करारात शिक्षणाचंही एक कलम आहे. मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांचे पगार सरकार देईल, मात्र शिक्षण सरकारला योग्य वाटेल त्या पद्धतीचं असेल. त्या एका वाक्याने पुढची सत्तर वर्षं ठरवली.

सरकारला योग्य वाटलेली पद्धत म्हणजे निवासी शाळा. वायव्य प्रदेशातली पहिली मिशन शाळा 1867 मध्ये फोर्ट प्रॉव्हिडन्सला निघाली होती. नंतर अक्लाविक, आणि 1959 पासून इनुविकची मोठी वसतिगृहं. देलिनेपासून इनुविक पाचशेहून जास्त किलोमीटर. मुलं सप्टेंबरच्या सुमारास नेली जात आणि जूनमध्ये परत येत. आता ऋतुचक्र आठवून पाहा. शरदातली मासेमारी, हिवाळ्यातली शिकार, सापळे लावणं, बर्फाखाली जाळं टाकणं, वसंतातले पक्षी, हे सगळं नेमकं त्याच महिन्यांत. मुलाच्या वाट्याला उरला फक्त उन्हाळा. शाळेत आपली भाषा बोलायला बंदी, बोललं तर शिक्षा. परत आलेल्या मुलाला आजीचं बोलणं कळेना. इनुविकच्या एका वसतिगृहातल्या काही पर्यवेक्षकांना मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी पुढे न्यायालयाने दोषी ठरवलं. देशभरात मिळून दीड लाखांहून अधिक मुलं या व्यवस्थेतून गेली. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती 2008 मध्ये, आणि सत्य व सलोखा आयोगाने 2015 मध्ये 94 शिफारशींसह अहवाल दिला.

ज्यांची मुलं नेली नाहीत त्यांचंही रान सुटत गेलं. 1945 पासून कॅनडात कुटुंब भत्ता सुरू झाला आणि तो मुलाच्या शाळेतल्या हजेरीशी जोडलेला होता. पुढे गावातच शाळा निघाली तेव्हा मुलांजवळ राहायचं म्हणून कुटुंबं कायमची गावात स्थिरावली. वडील एकटे रानात जाऊ लागले. म्हणजे पूर्वी अख्खं घर जिथे शिकत होतं, ते ठिकाण एका माणसाच्या रोजगाराची जागा झालं. हा बदल निवासी शाळांइतका क्रूर दिसत नाही, म्हणून त्याच्याबद्दल कमी लिहिलं जातं. पण मोडतोडीत त्याचा वाटा लहान नव्हता.

तिसरा घाव पूर्वेच्या किनाऱ्यावर बसला. 1930 मध्ये गिल्बर्ट लाबाइन या खाणशोधकाला सरोवराच्या पूर्व काठावर पिचब्लेंड हे युरेनियमचं खनिज सापडलं. त्यात रेडियम होतं आणि त्या काळी रेडियम सोन्याहून कितीतरी महाग. बेल्जियमच्या कंपनीची मक्तेदारी या खाणीने मोडली. खाणीच्या जागेला पोर्ट रेडियम हे नाव पडलं. 1940 मध्ये बंद पडलेली खाण 1942 मध्ये पुन्हा उघडली, ती युरेनियमसाठी. इथून गेलेलं युरेनियम अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पाला मिळालं. काँगोतल्या खनिजाबरोबर कॅनडाचं हे खनिजही त्यात होतं. 1944 मध्ये कंपनी सरकारी झाली, युरेनियमचं काम 1960 पर्यंत चाललं, नंतर चांदीचं 1982 पर्यंत.

खनिज कापडी पोत्यांत भरलं जाई, एकेक पोतं सुमारे 45 किलोचं. सरोवर ओलांडून, नदीतल्या खळाळांना वळसा घालून ते दक्षिणेकडे न्यायचं. पोती पाठीवर वाहणाऱ्यांत देने पुरुष होते. ते पोत्यांवर बसत, झोपत. रिकामी पोती घरी आणून त्यांचे तंबू शिवले गेले असंही गावात सांगतात. त्या धुळीत काय आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही. पुढे कर्करोगाने एकामागून एक पुरुष गेले आणि देलिनेला विधवांचं गाव म्हणू लागले. सरकार आणि गाव यांनी मिळून केलेल्या अभ्यासाचा अहवाल 2005 मध्ये आला. मृत्यू आणि खाण यांचा थेट संबंध उपलब्ध माहितीवरून सिद्ध करता येत नाही, असा त्याचा सूर होता. एवढ्या लहान गावात आकडेवारीने काही सिद्ध होणं अवघडच, हे मान्य करूनही तो निष्कर्ष वाचताना मन खिन्न होतं. गावकऱ्यांचं एक म्हणणं मात्र आकडेवारीवर अवलंबून नाही. आजोबा, वडील अकाली गेले, त्यामुळे मुलग्यांना रान शिकवणारं कोणी उरलं नाही. निवासी शाळेने विद्यार्थी नेले होते, खाणीच्या काळाने गुरू नेले.

1998 च्या ऑगस्टमध्ये देलिनेच्या काही माणसांनी हिरोशिमाला जाऊन तिथल्या वाचलेल्यांची भेट घेतली. आपल्या भूमीतून निघालेल्या दगडाचं तिथे काय झालं, हे कळल्यावर दुःख व्यक्त करण्यासाठी ते गेले होते. ज्यांना धोक्याची कल्पना कोणी दिली नव्हती, तीच माणसं क्षमा मागायला निघाली. देने रीतीत हे समजण्यासारखं आहे. जमीन आपली म्हटली की तिच्यातून बाहेर पडलेल्या गोष्टीची जबाबदारीही आपली.

आता वळण. 1973 मध्ये देने प्रमुखांनी आपल्या भूमीवर हक्काची नोंद करावी म्हणून अर्ज केला आणि न्यायमूर्ती विल्यम मॉरो यांच्यापुढे सुनावणी झाली. मॉरो गावोगाव गेले आणि करारांच्या वेळी हजर असलेल्या म्हाताऱ्या माणसांची साक्ष त्यांनी ऐकली. करारांनी देने लोकांचा हक्क संपला याबद्दल पुरेशी शंका घ्यायला जागा आहे, असा निकाल त्यांनी दिला. वरच्या न्यायालयात तो तांत्रिक मुद्द्यावर टिकला नाही, पण सरकारला वाटाघाटींना बसावं लागलं. तोंडी सांगितलेली आठवण न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहिली, ही गोष्ट मला त्या निकालाहून मोठी वाटते.

त्याच सुमारास मॅकेन्झी खोऱ्यातून वायूवाहिनी टाकायचा बेत होता. त्यासाठी नेमलेल्या चौकशीचे प्रमुख थॉमस बर्जर 35 गावांत गेले आणि सुमारे हजार माणसांचं म्हणणं त्यांनी ऐकलं. लोक आपल्या भाषेत बोलत आणि रोजचा वृत्तान्त रेडिओवरून देने भाषांतही ऐकवला जाई. फोर्ट फ्रँकलिनची सुनावणी जून 1975 मध्ये झाली. माणसांनी नकाशे पुढे ठेवले. आपल्या सापळ्यांच्या वाटा, माशांच्या जागा, कॅरिबूचे रस्ते, पुरलेली माणसं कुठे आहेत ते. शाळेत 'मागास' ठरवलेलं ज्ञान चौकशीच्या टेबलावर पुरावा झालं. पुढच्याच महिन्यात फोर्ट सिम्प्सनला देने जाहीरनामा मंजूर झाला. आम्ही एक राष्ट्र आहोत, हे त्यात ठामपणे मांडलं होतं. बर्जर यांनी 1977 मध्ये वाहिनी दहा वर्षं पुढे ढकलण्याची शिफारस केली.

संपूर्ण देने प्रदेशाचा एकच करार करायचे प्रयत्न 1990 मध्ये फिसकटले. मग प्रदेशवार वाटाघाटी झाल्या आणि साहतू देने व मेती (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) लोकांचा करार 1993 च्या सप्टेंबरमध्ये झाला. त्यातून 41,437 चौरस किलोमीटर जमिनीची मालकी मिळाली. त्यातल्या 1,813 चौरस किलोमीटरवर भूगर्भातल्या खनिजांचाही हक्क होता. पैसेही मिळाले. पण शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचं ते पुढचं. प्राणी, जमीन आणि पाणी यांच्या व्यवस्थापनासाठी संयुक्त मंडळं निघाली आणि त्यांत स्थानिक लोकांना अर्ध्या जागा मिळाल्या. कॅरिबूची माहिती कोणाची खरी, हेलिकॉप्टरमधून मोजणाऱ्याची की आयुष्यभर मागावर असणाऱ्याची, हा वाद आता एकाच टेबलाभोवती होऊ लागला.

1993 या वर्षाकडे जरा थांबून पाहावं. जूनमध्ये गावाने फोर्ट फ्रँकलिन हे नाव टाकून देलिने हे आपलं नाव परत घेतलं. सप्टेंबरमध्ये करार. आणि त्याच वर्षी वायव्य प्रदेशाच्या शिक्षणखात्याने बालवाडी ते सहावीसाठी 'देने केदे' हा अभ्यासक्रम छापला. तो जाणत्यांच्या सांगण्यावरून घडला होता आणि त्याची बैठक चार नात्यांची होती. मुलाचं भूमीशी नातं, आत्मिक जगाशी नातं, इतर माणसांशी नातं आणि स्वतःशी नातं. सत्तर वर्षांपूर्वी 'सरकारला योग्य वाटेल त्या पद्धतीने' म्हणणाऱ्या कागदाला मिळालेलं हे उत्तर होतं. छापील अभ्यासक्रम आणि प्रत्यक्षात जाळं ओढणारं मूल यांत मोठं अंतर असतं, हे खरंच. दक्षिणेतून दोन वर्षांसाठी आलेला शिक्षक ते अंतर एकटा कापू शकत नाही. विमान, पेट्रोल, स्नोमोबाइल, तंबू यांना पैसे लागतात, आणि शाळेचं अंदाजपत्रक इमारतीसाठी बनलेलं असतं.

त्यानंतरची वीस वर्षं देलिनेने एकेक वीट रचली. साओयू आणि एहदाचो ही दोन्ही भूशीरं मिळून साडेपाच हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरला. त्याला 2009 मध्ये कायमचं संरक्षण मिळालं. ऐतिहासिक स्थळ म्हटलं की आपल्याला किल्ला, वाडा, शिलालेख आठवतो. इथे इमारत एकही नाही, गोष्टी आहेत. किनाऱ्याची ती वही जपली जावी म्हणून राष्ट्राने जमीन राखली, याचं अप्रूप वाटतं. 2005 मध्ये साऱ्या पाणलोटाचा व्यवस्थापन आराखडा तयार झाला. त्याच्या नावातच 'पाण्याचं हृदय' आहे आणि कये दाओयेच्या गळाची कथा त्या आराखड्यात नोंदलेली आहे. खनिज उत्खनन, मासेमारी, पर्यटन यांचे नियम, आणि त्यांच्या मुळाशी एक स्वप्न.

2016 मध्ये बरंच काही एकत्र घडलं. मार्चमध्ये युनेस्कोने सरोवर आणि त्याचा परिसर 'त्सा तुए' या नावाने जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्य केला, क्षेत्रफळ सुमारे 93,000 चौरस किलोमीटर. स्थानिक आदिवासी समाजाच्या नेतृत्वाखालचं हे जगातलं असं पहिलं क्षेत्र. 1 सप्टेंबरला देलिनेचं स्वतःचं सरकार अस्तित्वात आलं. त्याच्या वाटाघाटी वीसेक वर्षं चालल्या होत्या. भाषा, संस्कृती, शिक्षण यांबद्दल कायदे करण्याचा अधिकार त्याच्याकडे आला.

आणि त्याच वर्षी कॅरिबूचा प्रश्न आला. ब्लूनोज ईस्ट नावाचा कळप 2010 मध्ये लाखाहून मोठा होता. 2018 पर्यंत तो वीस हजारांच्या आसपास घसरला. नेहमीचा उपाय म्हणजे कोटा. प्रत्येक गावाला इतके प्राणी, प्रत्येक शिकारीला एक चिठ्ठी. देलिनेने स्वतःची योजना पुढे ठेवली. तिच्या देने नावाचा अर्थ 'कॅरिबू सदासर्वकाळ असावेत' असा. त्यात शिकार मर्यादित होती, पण देने कायद्याने. वाटून खाणं, वाया न घालवणं, कॅरिबूऐवजी मासे, मूस आणि कस्तुरी बैलाकडे वळणं, आणि तरुणांना हा सगळा आचार शिकवणं. शिकवणं हा योजनेचा भागच होता. ज्या मुलाला रीत माहीत नाही त्याच्या हातातली बंदूक कोणती चिठ्ठी थांबवणार? मार्च 2016 मध्ये देलिनेला प्राण्यांच्या व्यवस्थापनाच्या संयुक्त मंडळाची जाहीर सुनावणी झाली आणि मंडळाने ही योजना उचलून धरली. आजीआजोबांनी विस्तवाजवळ सांगितलेली, बाहेरच्यांनी श्रद्धा म्हणून बाजूला ठेवलेली रीत आता प्राणी-व्यवस्थापनाचा आधार झाली होती.

आज तरुणांसाठी भरणारी रानातली शिबिरं या सगळ्याच्या खांद्यावर उभी आहेत. तंबूत स्प्रूसच्या फांद्यांची जमीन अंथरायची, तीही देठ खाली आणि पाती वर अशी, म्हणजे टोचत नाही. बर्फाला छिद्रं पाडून जाळं खालून ओढून न्यायचं. मासे चिरून वाळवायचे. आणि हे शक्य तितकं आपल्या भाषेत, कारण तिचे बोलणारे आता काही शेकड्यांतच मोजता येतात. बर्फाची अवस्था सांगणारा, माशाच्या आतड्याच्या भागाला नाव देणारा शब्द वर्गात आठवत नाही. तो मासा चिरतानाच तोंडी येतो.

विद्यापीठाच्या पातळीवर हेच काम देचिंता या संस्थेने हाती घेतलं. तिचं नावच मुळी 'रानात असणं' या अर्थाचं. साहतूपासून दक्षिणेला, यलोनाइफच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर ब्लॅचफोर्ड लेक नावाचं एक छोटं सरोवर आहे. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने किंवा बर्फावरून तिथे जायचं. 2010 च्या सुमारास तिथे पहिलं सत्र भरलं. सकाळी मूसचं कातडं खरवडायचं, दुपारी वसाहतवाद आणि स्वशासनावरचे निबंध वाचायचे, आणि दोन्हींचे गुण मिळायचे. जाणती माणसं पाहुणी म्हणून येत नाहीत, ती शिक्षक असतात. देने राजकीय विचारवंत ग्लेन कूल्टहार्ड इथे शिकवतात. पदवीचे श्रेयांक सुरुवातीला अल्बर्टा विद्यापीठाच्या आणि पुढे ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या मार्फत मिळू लागले. 2019 च्या अर्थसंकल्पात कॅनडाच्या सरकारने या संस्थेसाठी पाच वर्षांत मिळून 1.3 कोटी डॉलरची तरतूद केली.

देचिंताच्या व्यवस्थेतली एक गोष्ट या सगळ्या इतिहासाला नेमकी भिडते. विद्यार्थी म्हणून येणाऱ्या आईला किंवा बापाला आपली लेकरं सोबत आणता येतात. त्यांच्यासाठी शिबिरात वेगळी सोय असते, आणि ती मुलं जाळ्यापाशी, विस्तवापाशी, कातडं ताणणाऱ्या आज्यांच्या मांडीजवळ असतात. आई शिकत असते आणि मूल तिच्याकडे बघत असतं.